सुरमईच्या किती तुकड्या घ्यायच्या? धंद्याचं गणित वहीत मांडायची रीत

मालवणात माझ्या मावशीची खानावळ आहे आणि रत्नागिरीजवळ आमचा आंब्याचा कारखाना. कारखाना आपलं म्हणायला, पत्र्याची शेड, एक केटल (रस तापवायचं, मावा आटवायचं मोठं भांडं), एक पल्पर (रस काढायचं यंत्र) आणि सिझनला कामाला येणाऱ्या सात बायका. ह्या दोन ठिकाणी गेली काही वर्षं माझा एकच उद्योग चालू आहे, धंद्यातला एखादा प्रश्न घ्यायचा, कागदावर गणितात बसवायचा, सोडवायचा आणि मग प्रत्यक्षात तो कुठे आपटतो ते बघायचं. ह्याला मॅथेमॅटिकल मॉडेल म्हणतात. नाव ऐकून माणसं दचकतात पण इथे लागणारं गणित सातवी-आठवीच्या पुढे जात नाही. आणि कोकणी माणसाने तरी गणिताला घाबरू नये बाबा, १८९९ साली केंब्रिजला सीनियर रँग्लर (गणिताच्या परीक्षेत पहिले) झालेले र. पु. परांजपे आंजर्ल्याजवळच्या मुर्डीचे.

खाली मी जे केलं ते क्रमाने लिहितोय. आकडे आमचे आहेत आणि डोक्यात बसावेत म्हणून थोडे गोल केलेत, तुमच्याकडे तुमचे घाला.

पहिली पायरी: प्रश्न असा लिहा की उत्तर आकड्यातच यायला हवं

"धंदा वाढवायचाय", "माल वाया जातो", "माणसं पुरत नाहीत" ही गाऱ्हाणी झाली, ह्यांचं मॉडेल होत नाही. मावशीचं गाऱ्हाणं होतं की कधी सुरमई उरते आणि कधी दुपारी दीडलाच संपते. त्याचा प्रश्न केला तो असा: रविवारी सकाळी लिलावात सुरमईच्या किती तुकड्या होतील एवढा मासा घ्यायचा? उत्तर ३० किंवा ४०, काहीतरी एक आकडा. असा आकडा निघत नसेल तर अजून प्रश्नच सापडलेला नाही असं समजा आणि पुढे जाऊ नका.

मग त्या प्रश्नाखाली तीन गोष्टी लिहायच्या. माझ्या हातात काय आहे (किती तुकड्या घ्यायच्या), माझ्या हातात काय नाही (किती गिऱ्हाईक येईल, लिलावात भाव काय फुटेल), आणि चुकलं तर किती रुपयाला पडतं. बहुतेक लोक तिसरी गोष्ट लिहितच नाहीत, आणि सगळी गंमत तिथेच आहे.

दुसरी पायरी: वहीत एक रकाना वाढवा

मावशीकडे वही होती, रोजचा खप लिहिलेला. मी खूश झालो आणि सरासरी काढायला बसलो, २९ आली. मग लक्षात आलं की ती घेतच होती ३० तुकड्या, मग खप ३० च्या वर दिसणार कुठून! वहीत विक्री होती, मागणी नव्हती. दीडला सुरमई संपल्यावर दारातून परत गेलेली माणसं त्या वहीत कुठेच नव्हती. ही चूक मोठमोठ्या दुकानांतही होते, संपलेल्या मालाची मागणी कमी दिसते म्हणून पुढच्या खेपेला तो अजून कमी मागवतात.

म्हणून वहीत एक रकाना वाढवला, "नाही म्हटलं". सुरमई संपल्यावर जेवढे जण विचारतील तेवढ्या रेघा मारायच्या, बस. वेटरला पहिल्या दोन रविवारी आठवण करून द्यावी लागली, नंतर तो स्वतःच मारायला लागला. २० रविवार असे लिहून काढले आणि खप अधिक रेघा मिळून जी खरी मागणी आली ती चढत्या क्रमाने लावली:

१८, २१, २२, २४, २५, २६, २७, २८, २८, ३०, ३१, ३२, ३३, ३५, ३६, ३८, ४०, ४३, ४७, ५५

ह्यातले १८ आले त्या रविवारी संकष्टी होती आणि ५५ डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यातले. सरासरी जवळजवळ ३२. हे सगळे रविवार ऑक्टोबर ते फेब्रुवारीचे आहेत हे महत्त्वाचं, कारण १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, पावसात पर्यटक नाहीत, श्रावणात अर्धं गाव शाकाहारी, ते दिवस ह्यात कालवले तर सरासरीला काही अर्थच राहत नाही. सिझन वेगळा तर वही वेगळी.

तिसरी पायरी: कमी पडलं तर किती, उरलं तर किती

सुरमई थाळी ४०० रुपये. तुकडी १४० ला पडते, बाकी भात, चपाती, सोलकढी, तेल, गॅस मिळून ८०. म्हणजे एका थाळीमागे १८० सुटतात. सुरमई नाही म्हटल्यावर निम्मी माणसं बांगडा थाळीवर येतात, त्यात ८० सुटतात, निम्मी निघून जातात. म्हणजे एक तुकडी कमी पडली की खरं नुकसान १८० वजा ८० चे निम्मे ४०, म्हणजे १४० रुपये.

आणि एक तुकडी उरली तर? बर्फात ठेवून दुसऱ्या दिवशी कालवणात जाते, साधारण ८० वसूल होतात, म्हणजे नुकसान ६०.

आता बघा, कमी पडणं महाग आहे आणि उरणं स्वस्त, तरी मावशीला उरलेली तुकडी डोळ्यांना दिसायची आणि टोचायची, आणि परत गेलेलं गिऱ्हाईक दिसायचं नाही. म्हणून ती वर्षानुवर्षं हात राखून घेत आली.

चौथी पायरी: सोडवा

सूत्र एवढंसं आहे. कमी पडल्याचं नुकसान भागिले दोन्ही नुकसानांची बेरीज. १४० ÷ (१४० + ६०) = ०.७. अर्थ असा की इतका माल घ्या की १०० पैकी ७० दिवस तो पुरेल. २० रविवारांचे ७० टक्के म्हणजे १४ वा आकडा, वरच्या रांगेत मोजा, ३५.

विश्वास बसत नसेल तर एकेक तुकडी वाढवून बघा. ३० च्या जागी ३१ घेतल्या तर २० पैकी १० रविवारी ती ३१ वी विकली गेली असती आणि १० वेळा उरली असती, म्हणजे सरासरी ७० मिळाले, ३० गेले, ४० फायदा. ३२ वीचा ३०, ३३ वीचा २०, ३४ वी आणि ३५ वीचे १०-१०, आणि ३६ वीचा शून्य. तिथे थांबायचं. त्यातून अख्खी सुरमई घेताना मोजून ३५ तुकड्या कुठे मिळतात, १८-१८ च्या दोन सुरमया घेतल्या की ३६ झाल्या, तरी काही बिघडत नाही, कारण ३६ वी ना तोट्याची ना फायद्याची.

एकूण फायदा किती? ४०, ३०, २०, १०, १०, मिळून रविवारी ११० रुपये. हे मावशीला सांगितल्यावर ती म्हणाली, "एवढ्यासाठी माझी वही भरवलंस काय रे?" बरोबर आहे तिचं. पण मग तिनेच एक गोष्ट सांगितली जी माझ्या मॉडेलात नव्हती. चार जणांचं टेबल असतं, त्यातल्या एकाला सुरमई हवी असते, नाही म्हटलं की चारही जण उठतात. हे धरलं तर कमी पडल्याचं नुकसान १४० राहत नाही, आम्ही अंदाजाने २४० धरलं, भागाकार ०.८ आला, १६ वा आकडा ३८. मी पंधरा दिवस आकडेमोड करत होतो आणि खरा सुधार तिच्या एका वाक्याने झाला. म्हणून मॉडेलचं उत्तर आलं की आधी ते गल्ल्यावर बसणाऱ्या माणसाला वाचून दाखवा, तो हसला तर का हसला ते विचारा.

ह्याच हिशोबाला पुस्तकात पेपरवाल्याचं गणित म्हणतात, सकाळी किती पेपर उचलायचे, संध्याकाळी उरले तर रद्दी. नाशवंत काहीही घ्या, चालतं. पाव, फुलं, गणपतीत चाकरमान्यांसाठी भरलेले मोदकाचे पुडे. पण आमच्या कारखान्यातला प्रश्न ह्या जातीचा नव्हता.

दुसऱ्या जातीचा प्रश्न: हातात आहे त्यात काय काय बनवायचं

मे महिन्यात कॅनिंगचा आंबा येतो, म्हणजे पेटीत न जाणारा, डागी, लहान, पण रसाला उत्तम. त्याचा आम्ही आमरस भरतो आणि मावा आटवतो. प्रश्न: रोज आमरसाचे किती बॉक्स आणि माव्याचे किती घाणे?

आमरसाच्या एका बॉक्सला २० किलो आंबा, बायकांचं काम दीड तास, केटल १२ मिनिटं, सुटतात ३०० रुपये. माव्याच्या एका घाण्याला आंबाही २० किलो, काम दोन तास, केटल पूर्ण एक तास, सुटतात ५००. दिवसाला आंबा मिळतो ६०० किलो, सात बायकांचे आठ-आठ तास मिळून ५६ तास, केटल १० तास.

आमच्याकडे वर्षानुवर्षं चाललेला हिशोब साधा होता, माव्यात ५०० सुटतात, आमरसात ३००, म्हणून आधी मावा करा. आठ घाणे मावा लावायचे, उरलेल्या दोन तास केटलवर दहा बॉक्स आमरस. कमाई ४००० अधिक ३००० म्हणजे ७०००, आणि २४० किलो आंबा संध्याकाळी तसाच पडलेला. मग बाबा म्हणायचे माणसं कमी पडतात, अजून एक बाई घ्या.

आता हेच गणितात मांडू. आमरसाचे बॉक्स क्ष, माव्याचे घाणे य.

आंबा: २०क्ष + २०य हे ६०० पेक्षा जास्त नको
काम: १.५क्ष + २य हे ५६ पेक्षा जास्त नको
केटल: ०.२क्ष + य हे १० पेक्षा जास्त नको
आणि ३००क्ष + ५००य हे जास्तीत जास्त हवं

आलेख कागदावर तीन रेषा काढल्या की एक कोपऱ्याकोपऱ्यांचा आकार बनतो, उत्तर त्याच्या कुठल्यातरी कोपऱ्यावर असतं, मधे शोधायची गरज नाही. कोपरे तीनच निघाले (शून्य-शून्य सोडून). नुसता मावा, १० घाणे, ५००० रुपये. नुसता आमरस, ३० बॉक्स, ९०००. आणि आंबा व केटलच्या रेषा छेदतात तिथे २५ बॉक्स आणि ५ घाणे, ७५०० अधिक २५०० म्हणजे १०,०००. तोच आंबा, त्याच बायका, तीच केटल, आणि दिवसाला ३००० चा फरक.

का झालं असं? कारण आपण नफा नगामागे मोजत होतो. अडलेली जागा केटल होती, तर नफा केटलच्या तासामागे मोजायला हवा. मावा एका तासात ५०० देतो. आमरस त्याच तासात पाच बॉक्स, म्हणजे १५००. आणि काम बघा, २५ बॉक्सचे साडेसदतीस तास आणि ५ घाण्यांचे १० मिळून साडेसत्तेचाळीस, ५६ पैकी साडेआठ तास मोकळेच. म्हणजे एक बाई जवळजवळ दिवसभर मोकळी आणि आम्ही आठवी शोधत होतो! (कोणाला कमी केलं नाही, लेबल आणि पॅकिंग रात्री घरची माणसं करत बसायची ते दिवसा व्हायला लागलं.)

असे कोपरे तपासत जायची पद्धत जॉर्ज डँटझिगने १९४७ मध्ये बसवली, सिम्प्लेक्स म्हणतात तिला. त्याआधी १९३९ मध्ये रशियात कांटोरोविचनं प्लायवूडच्या कारखान्यासाठी जवळजवळ हाच प्रश्न सोडवला होता, कुठल्या मशीनवर किती माल लावायचा. त्याला पुढे १९७५ मध्ये नोबेल मिळालं, डँटझिगला नाही मिळालं, हे मला अजून खटकतं.

कम्प्युटरवर कसं करायचं

दोन माल असतील तर आलेख कागद पुरतो. आमच्याकडे पुढे आंबापोळी आणि लोणचं आलं, मग कागद संपला. लिब्रेऑफिस कॅल्क फुकट आहे, त्यात टूल्स मेनूत सॉल्व्हर मिळतो, अशी गणितं तो सोडवून देतो. एक्सेलमध्ये फाईल, ऑप्शन्स, ॲड-इन्समध्ये जाऊन सॉल्व्हर एकदा चालू करावा लागतो, मग डेटा टॅबवर दिसतो.

पहिल्या ओळीत मालाची नावं, त्याखाली रिकामी ओळ (इथे उत्तर येणार), त्याखाली प्रत्येकाचा नफा, मग आंबा, काम, केटल अशा ओळी, आणि उजवीकडे प्रत्येक ओळीसमोर दोन खाने, किती लागलं आणि किती उपलब्ध. "किती लागलं" मध्ये समप्रॉडक्ट फॉर्म्युला, उत्तराची ओळ गुणिले त्या साधनाची ओळ, खान्याला खाना गुणून सगळ्याची बेरीज. एकूण नफ्यालाही तेच. मग सॉल्व्हरला सांगायचं की नफ्याचा खाना मोठ्यात मोठा कर, उत्तराची ओळ बदल, लागलेलं उपलब्धपेक्षा जास्त होऊ देऊ नको. पद्धत सिम्प्लेक्स एलपी निवडा आणि आकडे उणे होऊ देऊ नकोस असा पर्याय असतो त्यावर खूण करा, नाहीतर तो उणे वीस बॉक्स आमरस बनवून मोकळा होतो.

एक्सेलमध्ये उत्तर आल्यावर सेन्सिटिव्हिटी रिपोर्ट मागा. (पूर्णांकाची अट घातली असेल तर तो मिळत नाही, आधी अटीशिवाय चालवा.) त्यात शॅडो प्राइस नावाचा रकाना असतो, माझ्या मते अख्ख्या प्रकरणात सगळ्यात उपयोगी तोच. प्रत्येक साधन एकाने वाढवलं तर नफा किती वाढेल ते तो सांगतो. आमचं असं आलं: केटलचा एक तास २५० रुपये, आंब्याचा किलो साडेबारा रुपये, कामाचा तास शून्य.

ह्याचा वापर लगेच झाला. एजंट किलोमागे आठ रुपये जास्त मागत होता, बाबा चिडले होते, पण साडेबारापर्यंत देऊनही परवडतं हे दिसत होतं म्हणून दोन क्रेट जादा घेतले. दुसरी केटल घ्यायची का हेही ह्यातूनच. रोज आठ तास मिळाले तर २५० च्या हिशोबाने दिवसाला २०००, सिझनचे ४० दिवस धरले तर ८०,०००. कागदावर छान. पण मग उत्तर १५ बॉक्स आणि १५ घाणे असं येतं, आणि रोज १५ घाणे मावा आमच्याकडून घेणारं कोणी नव्हतं. बाजाराची अट मी लिहिलीच नव्हती. ती लिहिल्यावर केटल घेतली नाही.

मी कुठे आपटलो

पहिल्या वर्षी केटलचे तास मी ११ लिहिले होते, कारण सकाळी आठला पेटायची आणि संध्याकाळी सातला बंद व्हायची. सॉल्व्हर म्हणाला २३.७५ बॉक्स आणि ६.२५ घाणे, १०,२५० रुपये. मी तो कागद शेडमध्ये चिकटवला. पाऊण बॉक्स आणि पाव घाणा कसा करायचा ह्यावर बायका दिवसभर हसल्या, ते सोडा, संध्याकाळी सातला सहावा घाणा अर्धा कच्चा केटलमध्ये होता आणि मावा मधे थांबवता येत नाही, रात्री साडेआठपर्यंत ढवळत बसलो. आमरसावरून माव्यावर जाताना केटल धुवायला, परत तापायला मिळून तास जातो, तो मी धरलाच नव्हता. ११ चे १० केले तेव्हा गाडी रुळावर आली. लाईट जाण्यासाठी अजून काही सोडावं लागतं, आम्ही मे महिन्यात साडेनऊच धरतो.

तेव्हापासून एक नियम: मॉडेलात घालायचा प्रत्येक वेळ घड्याळ लावून तीन दिवस मोजायचा, कोणाला विचारून लिहायचा नाही. विचारलं की माणूस चांगल्या दिवसाचा आकडा सांगतो. आणि युनिट तपासा, एका ओळीत मिनिटं आणि दुसरीत तास अशी खिचडी मी दोनदा केली आहे.

बाटल्या किती मागवायच्या

हे पटकन सांगतो. कोकमचं आगळ (घट्ट रस) आमच्याकडून वर्षभर जातं, वर्षाला १२,००० बाटल्या. एका खेपेचं टेम्पो भाडं ३,०००, आणि एक बाटली वर्षभर पडून राहिली की जागा, फूट, अडकलेला पैसा मिळून २ रुपये. सूत्र १९१३ चं आहे, फोर्ड हॅरिस नावाच्या माणसाचं: २ गुणिले वर्षाची गरज गुणिले खेपेचा खर्च, भागिले साठवणीचा खर्च, आणि त्याचं वर्गमूळ. आपलं उत्तर ६,०००, म्हणजे वर्षात दोन खेपा, भाडं ६,००० आणि साठवण ६,०००, एकूण १२,०००. पूर्वी आम्ही दर महिन्याला हजार आणायचो, त्यात भाडंच ३६,००० जायचं.

त्यातली मजा अशी की ६,००० च्या जागी ५,००० मागवल्या तरी खर्च १२,२०० च होतो. उत्तराच्या आसपास फार काटेकोर राहायची गरज नसते, त्यामुळे भाडं किंवा साठवणीचा अंदाज थोडा चुकला तरी झोप उडवून घेऊ नका. फक्त हे सूत्र वर्षभर सारख्या खपणाऱ्या मालालाच लावा. कोकम सरबत उन्हाळ्यात उडतं आणि पावसात बसून राहतं, त्याला लावलंत तर जूनमध्ये शेडभर रिकाम्या बाटल्या घेऊन बसाल.

चालू करताना

एकदम सगळा धंदा मॉडेलात घालायला जाऊ नका, मी एकदा चौदा प्रकारचा माल घेऊन बसलो होतो, ती फाईल नंतर उघडली नाही. एक प्रश्न, एक वही. आधी जुन्या आकड्यांवर चालवून बघा, मागच्या सिझनला हे ऐकलं असतं तर काय झालं असतं, मग दोन आठवडे नुसतं शेजारी लिहा, मॉडेल काय म्हणतं आणि आपण काय केलं, मग ऐकायला लागा. आणि दर सिझनला आकडे नवे घ्या, सुरमईचा भाव बदलला की ०.७ पण बदलतो.

मावशी हल्ली ३६ घेते, लाँग वीकेंडला ३८-४०. १ ऑगस्टला बोटी सुटल्या की नवी वही काढते, पहिल्या पानावर रेघा ओढून रकाने पाडते, आणि "नाही म्हटलं" हा रकाना आता सुरमईपुरता राहिलेला नाही, त्यात पापलेट आलंय, तिसऱ्या (शिंपल्या) आल्यात, आणि मागच्या वर्षी तर एका पानावर "एसी हाय काय" असं लिहून त्यापुढे सतरा रेघा मारलेल्या होत्या.